तहान लागायच्या आत अकोला

आमचे घरमालक पोस्टापर्यंतचं अंतर सेकंदांत सांगत. अमरावतीच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो, त्यांच्या पुढच्या खोलीत ट्रंक टाकली आणि सुखरूप पोचल्याचं पत्र घरी धाडायला पोस्ट कुठे आहे म्हणून विचारलं, तर हे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "चौदा सेकंद." मला वाटलं, समोरच असेल. बाहेर पडलो आणि उन्हातून चांगली पंधरा मिनिटं चालत राहिलो. परत येऊन जरा तणतणलो, तर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सडकेनं गेले असाल. मी हवेतून सांगितलं."

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि अमरावतीच्या आकाशात घारी अन् संक्रांतीचे पतंग सोडले तर काही उडत नव्हतं. पण आमच्या घरमालकांना त्याची अडचण वाटत नसे. मी त्यांना मास्तरच म्हणणार, कारण सगळं गाव म्हणायचं. ते आमच्याच शाळेत भूगोल शिकवत. ताशी शंभर मैल हा वेग त्यांनी स्वतःच्या अधिकारात सगळ्या जगाला लागू केलेला होता. खोलीतल्या भिंतीवर वऱ्हाडाचा मोठा नकाशा होता, त्यात गावोगावी बारीक खिळ्यांसारख्या चुका ठोकलेल्या, आणि अमरावतीच्या चुकेला एक काळा दोरा बांधलेला. कुणी गावाचं नाव घेतलं की मास्तर दोरा ताणायचे, पट्टीवर धरायचे, आणि मिनिटं सांगायचे.

एकदा अंजनगाव सुर्जीहून त्यांचे एक नातलग विड्याच्या पानांची करंडी घेऊन आले. मोटारीने आलेले, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले, कंबर धरून ओट्यावर बसले. मास्तर म्हणाले, "वीस मिनिटांचा प्रवास, आणि एवढे दमले?"

पाहुणे म्हणाले, "मास्तर, वीस मिनिटं तं मोटरचं चाकच बदलून राहिलो व्हतो."

शाळेतल्या एका सहकाऱ्याची बदली धारणीला झाली. तेव्हा धारणीला जायचं म्हणजे मेळघाटचं जंगल, घाट, पावसाळ्यात रस्ता बंद. बिचारा शिक्षकांच्या खोलीत रडवेला होऊन बसला होता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, बेचाळीस मिनिटं. त्यात रडायचं काय?" तो चिडून म्हणाला, "अन् विमान कुठाय?" मास्तर म्हणाले, "ते येते मागून. आधी अंतर तर ठरू दे."

हे त्यांचं लाडकं वाक्य. गंमत अशी की मास्तरांनी तोवर विमान फक्त चित्रात पाहिलेलं होतं.

चालतानाही त्यांना वळण आवडत नसे. शाळा आणि घर यांच्यामध्ये त्यांनी मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढली होती आणि शक्यतो तिच्यावरून चालत. उंच, काटकुळा देह, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री, आणि हे कुणाच्या परसातून, कुणाच्या गोठ्याशेजारून, "नमस्कार, नमस्कार" करीत जाऊन राहिले. एका घरच्या बायकांनी म्हणे मास्तरांमुळे न्हाणीत जायची वेळ बदलली होती. मी पहिल्या महिन्यात त्यांच्यासोबत दोनदा त्या रेघेवरून गेलो आणि कुत्रा चावता चावता राहिल्यावर सडकेला शरण गेलो.

पण सगळ्या वऱ्हाडाच्या चुकांमध्ये एक चूक चकचकीत पितळेची होती. ती अकोल्याची. अमरावती ते अकोला, हवेतून, एक्कावन्न मैल. एकतीस मिनिटं. हा आकडा गावात पोराटोरांना पाठ होता, आणि त्याचा उगम एका लग्नात होता.

मास्तरांची एकुलती एक मुलगी शकू. तिला अकोल्याला दिली, एका वकिलाच्या घरी. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या, मास्तरांची बायको म्हणजे आमच्या काकू तर शकूच्या गळ्यातून हात काढीनात. "माही पोर लय दूर चालली वो," असं त्या म्हणाल्या, तोच मांडवाच्या मधोमध उभं राहून मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "दूर कावून? एकतीस मिनिटं!" रडणाऱ्या बायका एकदम थांबल्या. वरपक्षाकडचं कुणीतरी हसलं. तेव्हापासून मास्तरांचं नाव 'एकतीस मिनिट' पडलं. काकूंनी मात्र त्यांना त्यापायी कधी माफ केलं नाही. गाडीने अकोला म्हणजे आधी बडनेऱ्याला जा, तिथे पुढच्या गाडीची वाट पाहा, मग मूर्तिजापूर करीत करीत पोचा. सहा तास धरा. अन् शकू माहेरी यायची ती दिवाळीची, चार दिवस.

मी राहायला आलो तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि मास्तर शकूच्या घरी एकदाही गेलेले नव्हते. काकूही नाहीत. मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेही विचित्र रीतीने.

उन्हाळ्यातला रविवार होता. अकराच्या सुमाराला मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले, खिशातलं घड्याळ मांडीवर ठेवलं. ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. बाराला काकूंनी पाणी विचारलं, नको. एकला विचारलं, नको. दीडला त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते. अडीचला घड्याळ पाहून ते उठले आणि माठाकडे असे गेले की माठच फुटतो की काय मला वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मी काकूंना विचारलं, हा कसला उपास?

"उपास कायचा, बाप्पा," काकू वैतागून म्हणाल्या. "सराव करून राहिले. साडेतीन घंटे बिनापाण्याचं राह्यचं. माणूस हाये का उंट हाये, मले तं समजत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अन्न तर दूरच, अशी त्यांच्यात रीत. शकूला अजून मूल नव्हतं. गाडीने गेलेला माणूस दिवसभर राहतो. दिवसभर राहणाऱ्याला सोयरे जेवा म्हणणारच, आणि दोनदा नाही म्हटलं की ते दुखावणार. विमानाचं तसं नाही. एकतीस मिनिटं जायला, एकतीस यायला, मैदानापासून घरापर्यंत टांग्याने पाऊण तास जाणं, पाऊण तास येणं, आणि मधे एक तास शकूजवळ. सगळे मिळून साडेतीन. विमान थांबलंय म्हटल्यावर आग्रह कोण करणार? तहान लागायच्या आत माणूस परत.

मी थक्क झालो. तीन वर्षं सगळं गाव ज्या आकड्याला हसत होतं, तो आकडा म्हणजे एका बापाची आपल्या पोरीकडे जायची वाट होती. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तरीही एक गोष्ट पचेना. मास्तर तसे कशालाच जुमानणारे नव्हते. ग्रहणात अंगणात पाट टाकून जेवायचे. शिवाशीव त्यांनी कधी पाळली नाही. मी त्यांना स्पष्टच विचारलं, "तुम्ही हे मानता?"

मास्तरांनी नकाशातल्या पितळी चुकेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ग्रहणात मी जेवतो. चुकलो तर माझं पोट दुखंल. शकूच्या बाबतीत मी प्रयोग करत नाही."

आणि त्याच उन्हाळ्यात, खरोखर, विमान आलं.

शेतकी प्रदर्शन भरलं होतं. लोकांना पाहायला म्हणून नागपूरकडचा एक तरुण वैमानिक आपलं छोटं, दोन माणसांचं विमान घेऊन आला. गावाबाहेरच्या पडीत मैदानावर चुन्याच्या रेघा मारून त्याची उतरायची सोय केली होती, आणि लोक त्या रेघांना हवाई अड्डा म्हणायला लागले होते. प्रदर्शनाची पत्रकं घेऊन तो अकोल्याला जाऊन त्याच दिवशी परत येणार होता. सोबतच्या जागेवर कापसाच्या जिनचे मालक असलेले एक शेठ जायचे होते. दोन दिवस आधी त्यांना नमुन्यादाखल मैदानावरून एक चक्कर मारून आणली. शेठ उतरले ते धोतर सावरत, पांढरेफटक, आणि म्हणाले, "हे आपल्या बाचं काम नाही." जागा रिकामी झाली.

मास्तर सरळ रेघेत मैदानावर गेले. मी मागे धावत होतो. त्यांनी वैमानिकापुढे आपला कागद धरला: दिशा, मैल, वाटेतल्या नद्या, मिनिटं. तो पोरगा कागद पाहून चकित झाला. म्हणाला, "हे सगळं ठीक. पण अकोल्याला तुमचं काम काय?"

"पोरगी हाये," मास्तर म्हणाले.

तो हसला आणि म्हणाला, "चला."

त्या दिवशी घरात दिवाळी झाली. काकूंनी शकूसाठी सांडगे, कुरड्या, लोणचं असं बांधायला घेतलं, आणि वैमानिकाने वजनाचं नाव काढल्यावर त्यातलं निम्मं रडत रडत परत सोडलं. मला एक कामगिरी मिळाली. आदल्या दिवशी गाडीने अकोल्याला जायचं, एका ओळखीच्यांकडे मुक्काम करायचा, सकाळी मैदानावर उभं राहायचं आणि विमान टेकल्याची वेळ मिनिटासकट लिहायची. माझं घड्याळ मास्तरांनी आपल्या घड्याळाशी मिळवून दिलं. काकूंनी एक फिरकीच्या झाकणाचा तांब्या दिला, अमरावतीचं पाणी काठोकाठ भरून. "उन्हाचं काही सांगता येत नाही. उतरल्याबरोबर त्यायले द्या. अन् तुमी त्याले हात लावू नका."

सकाळी आठला मी अकोल्याच्या मैदानावर हजर. विमान नऊला उडणार, नऊ एकतीसला उतरणार. नऊ एकतीस झाले. आकाश मोकळं. दहा वाजले. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला काय सांगू! दोनचारशे माणूस जमलेलं, मैदानावरचा एकुलता रांजण केव्हाच कोरडा पडलेला. सव्वादहाला मी फिरकी उघडली, एकच घोट घेऊन लावून टाकली. साडेदहाला पुन्हा उघडली. मनात म्हटलं, आता काय विमान येत नाही, यायचं असतं तर आत्तापर्यंत आलं नसतं का? पावणेअकराला तांब्या उलटा केला तर एक थेंब पडला, आणि त्याच क्षणी पूर्वेकडून घरघर ऐकू आली.

मी वेळ लिहिली.

मास्तर विमानातून उतरले. टोपी कानाला रुमालाने बांधलेली, मिशा वाऱ्याने वर गेलेल्या, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. कानांना दडे बसल्यामुळे ते ओरडून बोलत होते. "हारांनी खाल्ला एक तास! भाषण केलं प्रदर्शनाच्या सभापतीनं! पण उडाल्यापासून चव्वेचाळीस मिनिटं. चव्वेचाळीस कावून झाले, माहीत आहे? पश्चिमेचा वारा! समोरून! भूगोलाचा मास्तर मी, अन् वारा विसरलो!" आणि पोट धरून हसायला लागले. मग त्यांनी तांब्याकडे हात केला.

मी तांब्या हलवून दाखवला. तो वाजलाच नाही.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मास्तर खिशातलं घड्याळ काढत म्हणाले, "किती वाजता संपला?" मी सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "माझाही सराव साडेतीन घंट्यांचाच. तुला तर सरावच नाही."

खरा घाव पुढे होता. वैमानिक घाम पुसत आला आणि म्हणाला, दुपारी हवा फार उसळते, आता उडायचं नाही. संध्याकाळी पाचला निघू. मास्तरांचं हसू मावळलं. थांबलेल्या विमानाची सबब गेली होती. आता मधे एक तास नव्हता, जवळजवळ पाच तास होते, आणि त्यात दुपारचं जेवण होतं.

टांगा करून आम्ही शकूच्या घराकडे निघालो. वाटेत पाणपोई दिसली. मी टांगा थांबवायला सांगितला. "आधी शकू," मास्तर म्हणाले.

शकू दार उघडायला आली आणि दारातच थबकली. "बाबा!" एवढंच म्हणाली. मास्तर तिच्याकडे पाहून हसले, पण बोलायला गेले तर आवाज फुटेना, घसा इतका कोरडा. ती आत पळाली आणि पाण्याचा तांब्याभांडं घेऊन आली, कारण पाहुणा आला की वऱ्हाडात आधी पाणी, मग तुम्ही कोण ते. तिने भांडं पुढे केलं आणि मग तिच्या लक्षात आलं. भांडं तसंच धरून ती उभी राहिली. मास्तर म्हणाले, "तहान नाही पोरी." ओठ चिरलेले होते. मलाही तिने पाणी दिलं. मी ते न पिता भांडं खाली ठेवलं.

तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. वकील जावयांच्या आई, शकूच्या सासूबाई. त्यांचा दरारा मी अमरावतीतच ऐकला होता. त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा शकूच्या हातातल्या भांड्याकडे.

"विमानानं आले म्हणे तुमी?"

"हो. वाऱ्यानं उशीर झाला."

"अन् तोंड तं आंब्याच्या कोयीसारखं झालं." त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. "माहा बाप बी आला व्हता असाच, एक डाव. उन्हाळ्याचाच. इथंच बसला. मी पाणी आणलं, त्यानं हात नाही लावला. तसाच गेला उन्हात. मंग बिमार पडला, अन् दुसऱ्या डाव काही आला नाही. थे भरलेलं भांडं मले अजून दिसते." त्यांनी शकूच्या हातातलं भांडं घेऊन बाजूला ठेवलं. "तवा मी पोरगी व्हती. मले काही सुचलं नाही."

मग त्या उठल्या, कुंपणाकडे गेल्या आणि पलीकडे हाक मारली. "सरू! वो सरू! पाणी आण तुह्या विहिरीचं. अन् भाकरी टाक दोघाईची. माहे व्याही आले अमरावतीचे!"

कुंपणापलीकडे सरूबाईचा मळा होता, वांगी, टमाटे, एका बाजूला मोगरा. ती अकोल्याच्या बाजारात भाजी अन् फुलं विकायची. तिने मातीच्या घागरीतून पाणी आणलं आणि कुंपणावरून शकूच्या हातात दिलं.

मास्तर म्हणाले, "असं चालते का?"

"काहून नाही चालत?" विहीणबाई म्हणाल्या. "घर तिचं, विहीर तिची, भांडं तिचं. लेक तेवढी तुमची. प्या."

मास्तर प्याले. शकू ओतत होती आणि ते ओंजळीने पीत होते. अर्धं पाणी कोटावर सांडलं. मी पाहिलं, ते रडत होते, आणि पाण्याने तोंड धुतल्यासारखं करून लपवत होते. मीही प्यालो. त्याआधी किंवा त्यानंतर पाणी मला इतकं गोड कधी लागलं नाही.

दुपारी आम्ही सरूबाईच्या मांडवाखाली जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. शकू बाजूला बसून बोलत होती. दीर कसा चिडवतो, सासऱ्यांना चहा कसा लागतो, तुळशीवृंदावन तिने कुठे हलवलं. मास्तर ऐकत होते. तीन वर्षांचं ऐकायचं होतं. विहीणबाई कुंपणापलीकडून मधेच दुरुस्त्या करत होत्या, "चहा नाही वो, साखर लय लागते त्यायले."

चार वाजून गेले. मी म्हटलं, निघायला हवं. मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तू जा. माझ्या जागेवर बस. मी येतो सावकाश, गाडीनं."

"कधी?"

त्यांनी सरूबाईकडे पाहिलं. ती वांगी टोपलीत भरत होती. म्हणाली, "माह्या ओट्यावर बाज हाये. किती दिवस राह्यचं ते राहा."

तर असा मी, ज्याने कधी उडायचं मनात आणलं नव्हतं, तो मास्तरांच्या जागेवर बसून उडालो. भीतीने डोळे मिटले होते, पूर्णेचं पात्र तेवढं एकदा दिसलं. वारा पाठीशी होता. सव्वीस मिनिटांत अमरावती.

मैदानावर गर्दी पांगली होती. काकू एकट्या उभ्या होत्या, हातात पाण्याचं भांडं, पदराने झाकलेलं. विमानातून मी उतरलो आणि मागून कुणीच उतरलं नाही, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

"हे कुठं हायेत?"

"शकूकडे राहिले. मजेत आहेत."

"अन् पाणी?"

मी सगळं सांगितलं. विहीणबाई, त्यांचे वडील, सरूबाई, कुंपण, भाकरी. काकू मटकन खाली बसल्या, चुन्याच्या रेघेवरच. भांड्यातलं पाणी सांडलं ते त्यांना कळलंही नाही. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, बडनेऱ्याची गाडी सकाळी किती वाजता असते. मी सांगितलं. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि पुन्हा थांबल्या.

"काहो," त्या म्हणाल्या, "त्या बाईच्या विहिरीत दोघाईले पुरन एवढं पाणी असन नं?"